फायबरच्या गाडीवर रंगाला आलेले फोड आणि त्यांचा तळ

आपण लिहिले आहे ते थोडक्यात असे. आपली फायबर बॉडीची जुनी, दोन दारांची गाडी रत्नागिरीत असते. तीन वर्षांपूर्वी तिचा मूळ रंग पेंट रिमूव्हर लावून काढला, पुट्टी भरून पाण्याने घासली, सरफेसर (रंगाखालचा, पृष्ठभाग सपाट करणारा थर) मारला आणि वर गडद निळा टू-के, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा, रंग दिला. पहिला पावसाळा बरा गेला. दुसऱ्या पावसाळ्यात बॉनेटवर आणि पुढच्या दोन्ही मडगार्डांच्या माथ्यावर मोहरीएवढे फोड आले आणि त्यांतले काही आता हरभऱ्याएवढे झाले आहेत. एप्रिल-मे महिन्यांत ते जवळजवळ बसतात, जुलैत पुन्हा उठतात. एक पेंटर म्हणतो की फायबरच सडले आहे, दुसरा म्हणतो की घासून नवा रंग मारला की काम झाले. यांतल्या कोणाचे ऐकावे, असा आपला प्रश्न आहे.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी जवळजवळ तीस वर्षे फायबरचे मोल्डिंग आणि त्यावरचा रंग अशी दोन्ही कामे करत आलो आहे, आणि माझे मत असे की सध्या दोघांचेही ऐकू नये. फायबर लाकडासारखे सडत नाही, आणि नुसता वरून मारलेला रंग फार तर एक पावसाळा काढील. आपल्या प्रश्नातच अर्धे निदान आहे. ऋतूबरोबर वरखाली होणारा फोड हा पाण्याचा फोड असतो. फायबरमध्ये अडकलेल्या हवेचा फोड याच्या बरोबर उलट वागतो. तो भर उन्हात वर येतो आणि गारव्यात बसतो. तेव्हा आपल्या गाडीत पाणी आहे हे मी धरून चालतो. ते कोणत्या थरात साठले आहे, एवढेच शोधायचे उरते, आणि ते शोधल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नये.

पत्र्याच्या गाड्या रंगवणारा चांगला कारागीरही येथे चुकतो, याला कारण आहे. पत्र्याच्या आरपार पाणी जात नाही, त्यामुळे तेथे फोड आला की खाली गंज आहे किंवा रंगाच्या थरात दोष आहे, एवढाच हिशेब असतो. फायबरची बॉडी म्हणजे साचात आधी फवारलेला सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचा जेलकोट, म्हणजे रेझिनचा बाहेरचा गुळगुळीत थर, आणि त्याच्या पाठीमागे पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवलेली काचतंतूंची मॅट. जेलकोट पाणी अडवतो, पण पूर्णपणे अडवत नाही. पाठीमागची मॅट तर बहुतेक गाड्यांत उघडीच असते, आणि कापलेल्या कडेला किंवा पाडलेल्या भोकाला जे काचतंतू उघडे पडतात, त्यांच्या कडेकडेने पाणी दिव्याच्या वातीत तेल चढावे तसे आत चढते.

हे बहुतांशी हातकाम आहे, हेही लक्षात ठेवावे. १९५३ साली आलेल्या, फायबर बॉडीच्या पहिल्या शेवरोले कॉर्व्हेटच्या पहिल्या वर्षी केवळ ३०० गाड्या निघाल्या आणि त्या सगळ्या पांढऱ्या होत्या. लोटसने १९५७ साली दाखवलेल्या एलीटचा तर मुख्य सांगाडाच फायबरचा होता. आपल्याकडे रिलायंट किटनवरून बनलेली सिपानी डॉल्फिन, पुढे सॅन स्टॉर्म आणि अलिबागची चिंकारा रोडस्टर ही याच घराण्यातली मंडळी. थोड्या गाड्या काढणाऱ्याला पत्रा दाबण्याचे डाय परवडत नाहीत, साचा परवडतो, म्हणून तो फायबरकडे वळतो. पण हाताने थापलेल्या कामात एकाच गाडीचे डावे आणि उजवे मडगार्डसुद्धा सारखे नसते. एकावर जेलकोट जाड बसतो, दुसऱ्यावर पातळ. एकात रोलर नीट फिरतो, दुसऱ्याच्या कोपऱ्यात हवा राहते. म्हणून बॉनेटचे निदान मडगार्डाला लावू नका. प्रत्येक भाग वेगळा तपासा.

तपासणी फोड भरलेले असतानाच, म्हणजे भर पावसाळ्यात करायची. वेगवेगळ्या जागचे आठ-दहा फोड निवडा, त्यांभोवती पेन्सिलीने गोल काढा आणि गाडी पुसून कोरडी करा. शिवणाच्या सुईने फोड कडेला टोचा आणि अंगठ्याने हलके दाबा. थेंब आला तर त्यावर निळ्या लिटमस कागदाचा तुकडा टेकवा, आणि थेंब दोन बोटांत चोळून त्याचा चिकटपणा व वास पाहा. मग नव्या ब्लेडने फोडाचे टोपण गोल कापून उचला. ते उलटे करून त्याच्या पाठीचा रंग पाहा आणि जेथून ते निघाले त्या खड्ड्याच्या तळाचाही रंग पाहा. भिंग असेल तर उत्तम. सगळे निदान या दोन रंगांत आणि त्या थेंबात असते.

थेंब पाण्यासारखा पातळ असेल, लिटमस बदलत नसेल आणि तळाला पुट्टी किंवा सरफेसर दिसत असेल, तर दोष रंगकामाचा आहे. फायबर निर्दोष असण्याची शक्यता मोठी. तळाला काचतंतू दिसत असतील, टोपणाच्या पाठीला जेलकोटचा कठीण पापुद्रा चिकटून आला असेल, थेंब बोटांना तेलकट-चिकट लागत असेल, व्हिनेगरसारखा आंबूस वास येत असेल आणि लिटमस लाल होत असेल, तर पाणी थेट लॅमिनेटमध्ये, म्हणजे जेलकोटमागच्या रेझिन आणि मॅटच्या थरात, मुरले आहे. खड्डा कोरडा आणि आतून गुळगुळीत असेल तर ती मोल्डिंगच्या वेळची हवा; बंद पोकळीतली हवा २५ अंशांवरून ७५ अंशांवर गेली की तिचा दाब सुमारे १७ टक्के वाढतो, आणि गडद रंगाचे बॉनेट उन्हात तेवढे सहज तापते. टोपण कापताना थिनरचा वास आला तर द्रावक अडकला आहे. आणि रंगाचा थर पापडासारखा सलग सुटून खाली चकचकीत पृष्ठभाग निघाला, तर साचातून माल सुटावा म्हणून लावलेले मेण पहिल्या रंगाआधी धुतलेच गेले नव्हते. आपल्या गाडीत हा शेवटचा प्रकार नसावा, कारण तो इतकी वर्षे थांबत नाही.

आता फोडात पाणी कसे भरते ते सांगतो, कारण पुढची सगळी दुरुस्ती त्यावर उभी आहे. मनुका पाण्यात टाकला की फुगतो, तसेच हे आहे. मनुक्याच्या सालीतून पाणी आत जाते, पण आतली साखर तितक्या सहज बाहेर येत नाही. रंगाचा थर ही ती साल. त्याच्याखाली पाण्यात विरघळणारा एखादा कण राहिला असेल, मग तो मिठाचा असो, खाऱ्या पाण्याने घासताना राहिलेल्या क्षाराचा असो की रेझिनमधल्या ग्लायकोलचा, तर तो दमट हवेतले पाणी थरातून आत ओढतो, घट्ट द्रावण बनते आणि ते आणखी पाणी ओढते. उन्हाळ्यात पाणी निघून जाते, फोड बसतो, परंतु कण जागेवरच असतो. मृगाचा पाऊस आला की त्याचे काम पुन्हा सुरू होते. म्हणून मे महिन्यात बसलेल्या फोडांवर घासून रंग मारणे म्हणजे बी जमिनीत असताना वरून सारवण्यासारखे आहे.

हा कण किती थोडा पुरतो याचे उदाहरण माझ्याच दुकानातले आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी एका बॉनेटवर पावसाळ्यानंतर बारीक फोडांचा पुंजका आला. बाकी बॉनेट आरशासारखे होते. ग्राहकाने तिरप्या उजेडात ते दाखवले, तेव्हा पुंजक्यात चार बोटे आणि तळव्याची कड स्पष्ट ओळखू आली. सरफेसर घासून झाल्यावर, रंगाआधी कोणीतरी घामेजलेला हात तेथे टेकवला होता. मी माझा हात त्यावर ठेवून पाहिला आणि तो नेमका बसला. भडंग खाऊन कामाला लागलो होतो की नुसता घाम होता, ते आता सांगता येणार नाही. बॉनेट मात्र पदरचे घालून पुन्हा केले. तेव्हापासून शेवटच्या पुसणीनंतर आमच्याकडे हातमोज्याशिवाय कोणी पॅनेलला हात लावत नाही.

आपल्या गाडीच्या बाबतीत माझा संशय दोन गोष्टींवर आहे. पहिली म्हणजे पेंट रिमूव्हर. पत्र्यावर ते निर्धोक चालते, पण त्यातले मिथिलीन क्लोराइडसारखे द्रावक पॉलिएस्टरलाही फुगवतात, जेलकोट मऊ करतात आणि त्यातल्या प्रत्येक सूक्ष्म छिद्रात व तड्यात उतरतात. वरून धुतले तरी आत उतरलेला अंश निघत नाही, आणि एकदा फुगलेला जेलकोट पुढे पाणी अडवायच्या कामाचा राहत नाही. फायबरचा रंग घासून किंवा ब्लेडने खरवडूनच काढावा. त्याला पाच पट वेळ लागतो हे खरे, आणि बहुतेक ठिकाणी रिमूव्हर वापरले जाते ते नेमके त्यामुळेच.

दुसरी गोष्ट म्हणजे पाण्याने घासलेली पुट्टी. पॉलिएस्टर पुट्टीत शंखजिऱ्याची पूड असते आणि घासल्यावर तिची छिद्रे उघडी पडतात. वॉटर पेपरने घासताना ती पाणी शोषते, आणि ते पाणी बोअरवेलचे किंवा समुद्राजवळच्या विहिरीचे असेल तर क्षारही शोषते. दोन तास पंख्याखाली ठेवून तिच्यावर सरफेसर चढवला की पाणी आणि क्षार दोन्ही आत बंद. आपल्याकडच्या गॅरेजात हे सर्रास चालते आणि पत्र्यावर पुष्कळदा खपूनही जाते. फायबरवर, त्यातही कोकणात, ते खपत नाही.

निदान पुट्टीच्या थराचे निघाले तर काम सोपे आहे. त्या पॅनेलवरची पुट्टी आणि तिच्यावरचे सगळे थर खालच्या घट्ट थरापर्यंत कोरडे घासून काढा, पॅनेल धुऊन वाळवा आणि पुढे सांगतो त्या क्रमाने रंग चढवा. लॅमिनेटचे निघाले तर मात्र धीर धरावा लागेल, आणि या ठिकाणी मी जरा सविस्तर सांगतो, कारण येथेच बहुतेक दुरुस्त्या फसतात.

लॅमिनेटमधला आंबूस, चिकट द्रव म्हणजे नुसते पाणी नसते. पॉलिएस्टर रेझिन ग्लायकोल आणि आम्ले यांपासून बनते. त्यातला काही अंश जोडला न जाता राहतो आणि काही पुढे पाण्याच्या संगतीत सुटा होतो. जुन्या स्वस्त मॅटमध्ये काचतंतू एकत्र धरणारा इमल्शनचा डिंक असतो, तोही पाण्याने फुटून ॲसेटिक आम्ल सोडतो. व्हिनेगरचा वास बहुतेकदा त्याचा. यातली कळीची बाब अशी की प्रोपिलीन ग्लायकोलचा उत्कलनबिंदू सुमारे १८८ अंश आहे. याचा अर्थ आपण गाडी महिनाभर उन्हात ठेवली तरी पाणी जाईल, ग्लायकोल जाणार नाही. तो वाळत नाही, धुऊनच काढावा लागतो. मी कित्येक गाड्या अशा पाहिल्या की ज्या दोन-दोन महिने वाळवून रंगवल्या होत्या आणि तरी पुढच्या आषाढात फुगल्या; त्यांत वाळवण्याची कसर नव्हती, धुण्याची होती.

म्हणून क्रम असा ठेवा. पॅनेल सुटे करा. ८० नंबरच्या पेपरने मशीनवर रंग आणि पुट्टी पूर्ण काढा. जेथे जेलकोट फुगला आहे तेथे तोही काढा आणि प्रत्येक फोडाचा खड्डा निरोगी, पांढुरकेपणा नसलेल्या फायबरपर्यंत उघडा. नाण्याने टकटक करत जा; भरीव जागेचा आवाज टणक येतो, सुटलेल्या थराचा बद्द येतो. मग सोसेल इतक्या गरम, गोड्या पाण्याने आणि नायलॉनच्या ब्रशने पॅनेल घासून धुवा. एका दिवसाआड चार-पाच वेळा धुवा आणि दर वेळी खड्ड्यात लिटमस टेकवा. लाल होणे थांबले की शेवटचे खळबळणे बॅटरीत वरून घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने (आम्लाने नव्हे) करा. दोन-तीन कॅन लागतात, पण नळाच्या पाण्यातले क्षार पुन्हा तेथेच ठेवायचे नसतील तर हा खर्च टाळू नये.

यानंतर वाळवणे. किती दिवस, असे सगळे विचारतात. उत्तर दिवसांत देता येत नाही, वजनात देता येते. बॉनेट बिजागऱ्या काढून ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ठेवा आणि आकडा त्याच्या मागच्या बाजूला पेन्सिलीने तारखेसह लिहा. नऊ किलोच्या बॉनेटात एक टक्का पाणी धरले तरी ते ९० ग्रॅम होते, म्हणजे काट्याला सहज कळते. दर आठवड्याला वजन करा. लागोपाठ दोन आठवडे आकडा हलला नाही की ते वाळले. मडगार्ड निघत नसेल तर संध्याकाळी त्यावर वीतभर पॉलिथीन चारी बाजूंनी टेपने बंद करून लावा. दुसऱ्या दिवशी ऊन खाल्ल्यावर त्याच्या आत धुके धरले तर अजून ओल आहे. हे काम डिसेंबर ते एप्रिल या काळातच करावे, आणि शक्य असेल तर पॅनेले घाटावर एखाद्या नातेवाइकाच्या गच्चीवर, सावलीत पाठवावीत. मी थट्टा करत नाही. सांगली किंवा सोलापूरच्या कोरड्या हवेत जे चार आठवड्यांत होते, ते रत्नागिरीत आठांतही होईलच असे नाही. दिवे लावून घाई करायची असेल तर पृष्ठभाग ५० अंशांच्या पुढे नेऊ नका. साधे पॉलिएस्टर त्यापुढे मऊ पडू लागते, आणि बॉनेट आधाराशिवाय ठेवले असेल तर त्याचा आकार बिघडतो. पत्र्याच्या गाड्यांसाठी ठेवलेली बेकिंग बूथची नेहमीची उष्णता या कामाला नको.

वाळलेल्या पॅनेलचे खड्डे इपॉक्सी रेझिनने, आणि ते खोल असतील तर पातळ मॅटचे तुकडे घालून भरा. येथे पॉलिएस्टरपेक्षा इपॉक्सी बरे, कारण ते जुन्या पॉलिएस्टरला अधिक घट्ट धरते आणि पाणी कमी पास होऊ देते. मात्र इपॉक्सी बसल्यावर त्याच्या अंगावर कधी कधी मेणचट साय येते. ती आधी पाण्याने धुवायची आणि मगच घासायची, नाहीतर घासताना ती आतच रगडली जाते. मग संपूर्ण पॅनेलवर टू-पॅक इपॉक्सी प्रायमरचे दोन भरपूर हात द्या. पत्र्यासाठीचा आम्लयुक्त एच (etch) प्रायमर फायबरवर मारू नका. तेथे त्याला चावायला धातू नसतो आणि त्याचे आम्ल मात्र खाली राहते. पुट्टी लागलीच तर ती या इपॉक्सीच्या वर, पातळ, आणि कोरडी घासलेली असावी. त्यावर सरफेसर, तोही कोरडा घासलेला, आणि मग रंग. प्रत्येक थराला डब्यावर लिहिलेला वेळ द्या. पेंटर संध्याकाळी घरी जायच्या घाईत जो वेळ कमी करतो, तो पुढे थिनरच्या फोडांच्या रूपाने भरून निघतो.

फवारणीच्या दिवशी कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी सकाळी सोडा आणि हवेतले पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप तपासा. टू-के हार्डनरमध्ये आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असते. त्याला तोंडाला बांधलेला रुमाल चालत नाही, ताज्या हवेच्या नळीचा मास्क लागतो. रेझिनचे काम स्वतः करणार असाल तर पॉलिएस्टरचे हार्डनर आणि कोबाल्ट (रेझिन लवकर बसवणारे द्रावण) हे दोन कधीही थेट एकमेकांत मिसळू नका, स्फोट होतो. एक रेझिनमध्ये पूर्ण ढवळून मगच दुसरे.

रंगाची छटा हा आपल्या आवडीचा प्रश्न आहे, परंतु विचारलेत तर मी बॉनेटला गडद निळा पुन्हा देणार नाही. गडद रंग अधिक तापतो, आणि राहून गेलेली प्रत्येक चूक तो आधी वर आणतो. बाकीच्या गाडीवर फोड नसतील तर तिला हात लावू नका. पूर्ण गाडी करून घ्या, असा आग्रह होईल. छटा जुळवणे कठीण जाते हे त्याचे खरे कारण असते, आणि ती अडचण दारांवर रंग विरवून सुटते.

मडगार्डांची मागची बाजू मात्र विसरू नका. चाकाने उडवलेले पाणी वर्षानुवर्षे तेथील उघड्या मॅटवर आदळते, आणि पुढून कितीही चांगले बंद केले तरी मागचा दरवाजा उघडाच राहतो. ती बाजू चिखल-तेल काढून धुवा, पुढच्या बाजूइतकीच वाळवा आणि तिलाही इपॉक्सीचे दोन हात द्या. वर दगड सोसणारे अंडरबॉडी कोटिंग चालेल. दिवे, आरसे, बोधचिन्ह यांसाठी पाडलेल्या प्रत्येक भोकाची आतली कड बारीक ब्रशने इपॉक्सीत भिजवा. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे, वरून दिसत नाही, आणि म्हणून सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

नव्या रंगावर पहिला महिना कव्हर घालू नका, आणि नंतरही प्लॅस्टिकचे नको. गाडी छपराखाली उभी असेल तर कापडी कव्हर किंवा काहीच नसलेले बरे. ओल्या गाडीवर ताडपत्री टाकून पावसाळा काढलेल्या एका बॉनेटवर, ताडपत्रीची घडी जेथे टेकत होती तेथेच, एका रेषेत, फोडांची रांग उठलेली मी पाहिली आहे.